लांब पल्ल्याची धांव

हल्लीं रविवारच्या पहाटे पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर पाहावें तों शेंकडों माणसें छातीवर क्रमांक लावून धांवत असतात. त्यांत कोणी वकील असतो, कोणी बँकेंतील कारकून, कोणी दोन मुलांची आई. यांपैकीं फारच थोड्यांस बक्षिसाची आशा असते. बहुतेकांस तर पहिल्या आलेल्या धांवपटूची पाठसुद्धां दिसत नाहीं. तरीही हीं माणसें पदरचे पैसे भरून येतात, घाम गाळतात, आणि दुसऱ्या दिवशीं लंगडत लंगडत कामावर जातात. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून हा नाद वाढत वाढत आतां शाळांच्या अंगणापर्यंत येऊन पोहोंचला आहे. आमचे विद्यार्थी आम्हांस विचारतात, "आम्हीं लांब पल्ल्याच्या शर्यतींत धांवावें काय?" त्यांचे पालक विचारतात, "यांत मुलाचें हित तें काय?" ह्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर प्रस्तुत लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें देण्याचा अधिकार आम्हांस आमच्या यशानें आलेला नाहीं. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीनें आलेला आहे. म्हणून ती चूक आम्ही येथें झांकून ठेवणार नाहीं.

मागच्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत शाळेंतील चौदा मुलामुलींस घेऊन आम्ही आठ दिवस पानशेतास राहिलों होतों. पुण्याहून खडकवासल्यावरून, सिंहगड डावे हातीं टाकून पश्चिमेस गेलें म्हणजे सुमारें ४० किलोमीटरांवर हें गांव लागतें. मॅरेथॉनचें अंतर ४२.१९५ किलोमीटर. तेव्हां पुण्याहून पानशेतास पायीं धांवत येणें आणि मॅरेथॉन पुरी करणें यांत फारसा फरक नाहीं. ज्या वाटेस एस. टी. गाडीलाही चांगला वेळ लागतो, ती वाट माणूस न थांबतां धांवून तोडूं शकतो, ही गोष्ट मुलांस पहिल्यानें थट्टाच वाटली. परंतु ह्याच मुलुखांत शिवकालीं पत्रें घेऊन जासूद आणि हरकारे डोंगरवाटांनीं धांवत असत, हें सांगितल्यावर मात्र तीं थोडीं गंभीर झालीं.

पानशेत हें धांवण्याच्या अभ्यासास फार सोईचें ठिकाण आहे. आंबी नदीवर बांधलेलें धरण, त्याच्या पाठीमागें पसरलेला तानाजीसागर, शेजारींच मोसे नदीवर वरसगांवचें धरण, आणि दक्षिणेस तोरणा-राजगडाच्या रांगा. आम्ही गेलों तेव्हां खाचरांतील भात बहुतेक कापून झाला होता, कोठें कोठें झोडणी चालली होती, आणि पहाटे पाण्यावरून येणारा गारवा अंगावर कांटा आणीत होता. जलाशयाच्या कांठानें जाणारा रस्ता सपाट नाहीं. तो घटकेंत चढतो, घटकेंत उतरतो. मुलें म्हणूं लागलीं, "सर, हा रस्ता आम्हांस दमवितो." आम्ही म्हणालों, "रस्ता दमवीत नाहीं. तुमची घाई तुम्हांस दमविते." वाचकहो, हें वाक्य आम्ही किती सहज बोलून गेलों, आणि पुढें तेंच आमच्या गळ्यांत कसें पडलें, तें आतां पाहावयाचें आहे.

प्रथम ह्या अभ्यासापासून काय मिळतें तें सांगतों. आमच्या मंडळींत आठवींतील एक मुलगी होती. पहिल्या दिवशीं ती सर्वांच्या पुढें सुटली आणि दुसऱ्या किलोमीटरास दगडावर बसली. दुसऱ्या दिवशीं तेंच, तिसऱ्या दिवशींही तेंच. तिच्या अंगांत बळ नव्हतें असें नाहीं. तिचा बेत चुकत होता. चौथ्या दिवशीं आम्हीं तिला एकच नियम घालून दिला: शेजारच्या सोबत्याशीं पुरें वाक्य बोलतां येईल इतक्याच वेगानें धांवावयाचें, आणि चढणीवर खुशाल चालावयाचें. त्या दिवशीं तिनें नेहमींचें सर्व अंतर पुरें केलें. शेवटीं आली, परंतु हंसत आली. घरीं परतल्यावर तिनें आम्हांस सांगितलें कीं, गणिताचें लांबलचक उदाहरण आतां आपण मध्येंच सोडून देत नाहीं. धांवण्यानें गणित येतें असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. परंतु कठीण वस्तूकडे पाहून एकदम धापा टाकूं नये, तिचे लहान लहान तुकडे करून एकेक पुरा करावा, ही संवय एका ठिकाणीं लागली म्हणजे ती दुसऱ्या ठिकाणींही उपयोगीं पडते, हें मात्र खरें.

शिवाय ह्या खेळांत श्रीमंतीचें कांहीं चालत नाहीं. क्रिकेटला बॅट लागते, टेनिसला मैदान लागतें. धांवावयास दोन पाय, एक बेताची जोडी बूट आणि पहाटे उठण्याचा निश्चय एवढें पुरें. ह्यांत पंचाशीं भांडण नाहीं, जोडीदारावर दोष ढकलण्याची सोय नाहीं. आज तुम्ही कालच्यापेक्षां बरे धांवलां कीं नाहीं, हें तुम्हांस कोणीं सांगावें लागत नाहीं. आणि वाईट दिवस येतातच. आदल्या दिवशीं वाऱ्यासारखे गेलेले पाय दुसऱ्या दिवशीं शिशाचे होतात. कारण शोधूं जावें तर कधीं झोंप अपुरी, कधीं ऊन अधिक, आणि कधीं कांहींच सांपडत नाहीं. असा दिवस मुकाट्यानें पार पाडण्यास शिकणें हाही ह्या अभ्यासाचा एक धडाच होय.

आतां आमच्या चुकीकडे वळतों. त्याच मंडळींत नववींतील एक मुलगा होता. त्याची चाल पाहतांच कोणीही म्हणावें, हा धांवण्यासाठींच जन्मला आहे. पानशेतच्या चढणीवर तो हरणासारखा जाई. जानेवारींत एक मोठी शर्यत होती, आणि आमच्या मनांत लोभ उत्पन्न झाला. शाळेच्या कपाटांत एक करंडक येईल, वार्षिकांत छायाचित्र छापतां येईल, असे विचार आम्हीं केले, हें आज लिहितांना लाज वाटते. दिवाळीपूर्वीं तो आठवड्यास सुमारें २० किलोमीटर धांवत असे. सहा-सात आठवड्यांत आम्हीं तें अंतर ५० पर्यंत नेलें. तो तक्रार करीत नव्हता. त्याचा दम वाढत होता, वेळ कमी होत होता, आणि घड्याळाकडे पाहून आम्ही खूष होत होतों. डिसेंबरांत एके दिवशीं तो म्हणाला, "सर, नडगींत ठणका लागतो." आम्ही म्हणालों, "चालावयाचेंच. धांवतां धांवतां मोकळें होईल."

तें मोकळें झालें नाहीं. डॉक्टरांनीं घेतलेल्या पहिल्या क्ष-किरण चित्रांत कांहींच दिसलें नाहीं, म्हणून आम्हांस उगाच धीर आला. तीन आठवड्यांनीं घेतलेल्या दुसऱ्या चित्रांत नडगीच्या हाडास बारीक चीर गेलेली दिसली. धांवणें अजिबात बंद. कित्येक आठवडे विश्रांति. शर्यतीच्या दिवशीं तो घरीं खाटेवर बसून होता.

त्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते शेतकरी गृहस्थ. दूध घालून घर चालवितात. आम्हांस वाटलें, आतां ते रागावतील. ते रागावले नाहींत. थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, "सर, खोंड आदत आहे तोंवर त्याच्या मानेवर आम्ही जू ठेवीत नाहीं. मग तें कितीही उड्या मारो." दुधाचे दांत न पडलेल्या खोंडास आदत म्हणतात. तें अंगानें भरलेलें दिसतें, धांवतें, शिंगें उगारतें. पण त्याची मान पक्की झालेली नसते. एवढें बोलून ते चहा न घेतांच गेले. त्यांच्या बोलण्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

ह्यांत अधिक लाजेची गोष्ट अशी कीं, हाच धडा आम्हीं स्वतः मुलांस पानशेतास, धरणाजवळ बसून, एका संध्याकाळीं शिकविला होता. पानशेतचें मातीचें धरण १९६१ सालीं ठरल्या मुदतीच्या आधींच उभें करण्याची घाई झाली. पावसाळा लागला तेव्हां धरणाच्या पोटांतून पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीचें व तिच्या दरवाजांचें काम पुरें झालेलें नव्हतें. तशांत पहिल्याच पावसानें जलाशय झपाट्यानें भरला. पाणी वाढत होतें आणि त्याला आवर घालण्याचें साधन हातीं नव्हतें. मातीचा बांध खचूं लागला. ११ जुलैच्या रात्रीं सैन्याच्या जवानांनीं भर पावसांत वाळूचीं पोतीं रचून तो सांवरण्याचा आटोकाट प्रयत्न केला. परंतु १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं धरण फुटलें. त्या लोंढ्यानें खालचें, ऐंशी वर्षें उभें असलेलें खडकवासल्याचें धरणही त्याच दिवशीं फोडलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. ज्यांचीं घरें त्या दिवशीं वाहून गेलीं अशीं कुटुंबें पुण्यांत आजही आहेत. पुढें पानशेतचें धरण पुन्हा बांधण्यांत आलें. आज जें दिसतें तें हें दुसरें.

एका शहरावर कोसळलेल्या संकटाशीं एका मुलाच्या नडगीची तुलना करणें कोणास अप्रशस्त वाटेल. प्रमाणाची तुलना आम्ही करीत नाहीं. कारणाकडे मात्र बोट दाखवितों. बांध पक्का होण्याच्या आधीं त्यावर पाणी चढविलें, हेंच तेथें घडलें आणि हेंच येथें घडलें. त्या संध्याकाळीं मुलांनीं ही हकीकत ऐकून विचारलें होतें, "सर, त्या मोठ्या माणसांस घाई कां झाली?" आम्हीं तेव्हां गंभीरपणें मान हलविली होती. दोन महिन्यांनीं तीच घाई आम्हीं केली.

आतां शरीराचा बांध कसा पक्का होतो तेंही समजून घेतलें पाहिजे. नियमित धांवूं लागल्यावर हृदय, फुप्फुसें व रक्त यांची शक्ति थोड्या आठवड्यांत वाढते. म्हणून दम लौकर टिकूं लागतो आणि मुलास वाटतें, आपण तयार झालों. परंतु हाडें व स्नायूंस हाडांशीं बांधणाऱ्या दोऱ्या यांस महिनेच्या महिने लागतात. एवढेंच नव्हे, तर नवा भार पडला म्हणजे हाड आधीं आपला जुना भाग थोडा मोडून काढतें व मग तेथें नवा भरतें; मधल्या काळांत तें पूर्वीपेक्षांही नाजूक असतें. नेमक्या त्याच काळांत दम वाढलेला असल्यामुळें धांवणारा अधिक जोरानें धांवतो. वाढत्या वयाच्या मुलांत हाडांचीं टोंकें अजून वाढत असतात, त्यामुळें त्यांच्या बाबतींत तर दुप्पट सावधपण हवें. मोठ्या शर्यतींत पुऱ्या मॅरेथॉनसाठीं साधारणतः १८ वर्षांची अट असते, ती कोणाच्या लहरीनें घातलेली नाहीं.

येथें एखादा उत्साही विद्यार्थी म्हणेल, "असें हळूहळू करीत बसलों तर आम्हीं मोठे धांवपटू व्हावें कधीं?" त्यास आम्ही अविनाश साबळे यांचें उदाहरण देतों. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांतल्या मांडवा गांवचा हा शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणीं सहा किलोमीटरांवरील शाळेस तो पायीं जाई. पण शर्यतीचा खरा अभ्यास त्यानें सैन्यांत गेल्यानंतर, विशीं ओलांडल्यावर सुरू केला. सियाचीनच्या बर्फांत त्यानें नोकरी केली. त्यानंतर २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत ३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतींत त्यानें ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदानें हुकलें. २०२३ सालीं हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेंत त्यानें सुवर्णपदकही जिंकलें. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर यांनीं मुंबई मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक पटकावल्यानंतर स्टीपलचेसकडे मोर्चा वळविला, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें अंतिम शर्यत गांठून दहावा क्रमांक मिळविला. दोघांनींही आपला खरा पल्ला पंचविशीच्या आसपास गांठला. तेव्हां नववींतील मुलानें जानेवारीची शर्यत चुकविली तर आभाळ कोसळत नाहीं.

आणि पदकाचाच हिशेब करूं नये. १९२० सालीं अँटवर्प येथें ऑलिंपिक भरलें, तेव्हां भारतांतून गेलेल्या पहिल्या चमूंत बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे होते. त्यापूर्वीं पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शेतकरी घरांतील अनवाणी मुलांचें धांवणें पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले होते, आणि त्यांच्याच खटपटीनें तो चमू गेला. सुमारें पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची ती मॅरेथॉन चौगुले यांनीं २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी केली, क्रमांक एकोणिसावा. त्या काळीं ऑलिंपिकमध्यें केवळ हौशी खेळाडूंस प्रवेश असे. धांवून पैसा मिळविणें हा दोष गणला जाई. तो नियम आतां राहिला नाहीं, आणि राहिला नाहीं हें गरीब खेळाडूच्या दृष्टीनें बरेंच झालें. परंतु हौस ह्या शब्दाची किंमत त्यामुळें कमी होत नाहीं. एकोणिसावा आलेला मनुष्य शंभर वर्षांनंतरही आपण आदरानें आठवतों, तो पदकासाठीं खास नव्हे.

पालकांच्या शंकाही आम्हीं ऐकल्या आहेत. पहिली, अभ्यास बुडतो. रोज पाऊण तास धांवण्यानें अभ्यास बुडत नाहीं. रात्रीं उशिरापर्यंत हातांतल्या पडद्याकडे पाहत बसण्यानें बुडतो. पहाटे धांवावयाचें असेल तर मुलास रात्रीं वेळेवर निजावेंच लागतें. दुसरी, धांवून पोट भरतें काय? बहुतेकांचें भरत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. ज्यास कोणी पदकाचें व नोकरीचें आमिष दाखवून शाळा सोडावयास सांगेल, त्यानें तें ऐकूं नये. तिसरी शंका मुलींविषयीं. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत १०,००० मीटरांचें कांस्यपदक आणि त्याच वर्षीं आशियाई स्पर्धेंत रौप्यपदक मिळविलें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. मुलींच्या ताटाकडे मात्र घरच्यांनीं अधिक लक्ष द्यावें. रक्त कमी असतांना पळविणें म्हणजे रिकाम्या चुलीवर भांडें ठेवणें होय.

आमच्या चुकीनंतर शाळेंत आम्हीं कांहीं नियम केले आहेत. अंतर वाढवावयाचें तें आठवड्यास दहांतून एक हिस्सा, आणि दर चौथ्या आठवड्यास तें कमी करावयाचें. हा अनुभवाचा ठोकताळा आहे, शास्त्राचा कायदा नव्हे. ज्यास तेवढेंही जड जाईल त्याचें त्याहून कमी. आठवड्यांत निदान दोन दिवस धांवणें नाहीं. बहुतेक धांव बोलतां येईल इतक्या सावकाश. पाणी तहानेप्रमाणें, न पिणें वाईट, आणि भीतीनें घटाघट पीत सुटणेंही वाईट. एकाच जागीं बोट ठेवून दुखतें असें मूल म्हणेल, तर त्या दिवसापासून धांवणें बंद व डॉक्टरांची भेट. "मोकळें होईल" हे शब्द शिक्षकांनीं उच्चारावयाचे नाहींत. आणि वर्षअखेरीस पहिल्या क्रमांकाबरोबरच, वर्षभर नेमानें येऊन एकदांही दुखापत न होऊं देणाऱ्या मुलास व मुलीस तितकेंच मोठें बक्षीस द्यावयाचें. ज्याला बक्षीस देऊं तेंच मुलें करतात. आजवर आम्ही घाईला बक्षीस देत होतों.

तो मुलगा बरा झाला. उन्हाळ्यांत तो चालूं लागला, पावसाळ्यांत मिनिटभर धांवावें व मिनिटभर चालावें असा क्रम त्यानें धरला. ह्या वर्षींच्या दिवाळींत आम्ही पुन्हा पानशेतास गेलों, तेव्हां तोही आला होता. पहिल्या सकाळीं नवीं मुलें जोरानें सुटलीं. तो मात्र मागें राहिला आणि धापा टाकणाऱ्या एका लहान मुलास म्हणाला, "अरे, बोलत बोलत चल, धरण कांहीं पळून जात नाहीं." आम्ही त्या दोघांच्या मागें, सर्वांत शेवटीं, धांवत होतों.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. आपलें मूल शर्यत पुरी करून घरीं आलें म्हणजे "कितवा आलास?" असें विचारण्यापूर्वीं "उद्यां पुन्हा धांवावेंसें वाटतें का?" असें विचारा. उत्तर होकारार्थी आलें, तर क्रमांक कोणताही असो, अभ्यास योग्य मार्गानें चालला आहे असें खुशाल समजा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस तर पुष्कळ वर्षें धांवावयाचें आहे. बांध आधीं पक्का होऊं द्या. पाणी काय, पावसाळा आला कीं आपोआप येतेंच.